येणे आणि आलेले

दिवाळीच्या सुमारास, वहीपूजनाची तयारी चालू असतानाच, जळगावच्या दाणाबाजारात आणि धुळ्याच्या पाचकंदील परिसरात अनेक पेढ्यांवर दरवर्षी एकच संवाद घडतो. वर्षाचा ताळेबंद सनदी लेखापालाकडून नुकताच आलेला असतो. वडील चष्मा पुसत विचारतात, नफा किती झाला? मुलगा सांगतो, अकरा लाख. वडील थोडा वेळ कागदाकडे पाहतात आणि पुढचा प्रश्न विचारतात, मग बँकेच्या खात्यात पैसा का नाही? मुलगा म्हणतो, तो बाजारात आहे. येथे संवाद संपतो, आणि वास्तविक जेथे विचार सुरू व्हायला हवा तेथेच तो थांबतो.

जुन्या पेढीवर हा प्रश्न सहसा पडत नसे. रोजमेळ रोज संध्याकाळी मिळवला जाई; वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड जुळल्याखेरीज मुनीम घरी जात नसे. जे आले ते जमा, जे गेले ते नावे. आजची हिशेबपद्धती वेगळी आहे. बिल फाडले की विक्री झाली, विक्री झाली की त्यातील नफाही झाला, मग ग्राहकाने पैसे सहा महिन्यांनी दिले तरी चालते. ही पद्धत चुकीची नाही. कंपन्यांना ती कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि व्यवसायाची प्रकृती समजण्यासाठी ती उपयुक्तही आहे. परंतु तिच्यामुळे ‘येणे’ आणि ‘आलेले’ यांतील अंतर नजरेआड होते. खानदेशातील चांगले चाललेले धंदे अडचणीत येतात ते बहुधा याच अंतरात. तोट्याने बुडालेल्या पेढ्यांपेक्षा नफ्यात असताना रोकडीवाचून गुदमरलेल्या पेढ्या अधिक सापडतील.

याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण आपल्याच परिसरात, आपल्याच समाजात आहे. ते केवळ यशाची कथा म्हणून वारंवार सांगितले जाते. त्यातील अडचणीचे अध्याय मात्र आदरापोटी वगळले जातात, आणि व्यापाऱ्याच्या उपयोगाचे बरेचसे त्या वगळलेल्या पानांतच असते.

जामनेर तालुक्यातील वाकोद येथे १९३७ साली जन्मलेल्या भवरलालजी जैन यांनी वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेतले. सरकारी अधिकारीपदाची संधी समोर असताना आईच्या सल्ल्यावरून ती नाकारली आणि १९६३ च्या सुमारास जळगावात रॉकेलच्या विक्रीपासून व्यापार सुरू केला. भांडवल होते ७,००० रुपये, कुटुंबाच्या तीन पिढ्यांची शिल्लक. पुढे खते, बियाणे, कीटकनाशके, ट्रॅक्टर, पाइप अशा शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी येत गेल्या आणि पहिल्या वर्षीची सुमारे १० लाखांची उलाढाल १९७८ पर्यंत ११ कोटींवर गेली. येथवरची वाट आपल्या अनेक घराण्यांनी थोड्याफार फरकाने चाललेली आहे. एजन्सीचा धंदा आपल्या रक्तातच असतो.

वेगळेपण १९७८ च्या निर्णयात दिसते. जळगावात केळीची भुकटी तयार करणारा एक जुना कारखाना विक्रीस आला होता. ३० लाखांना तो घेण्यात आला. आपल्याजवळच्या भांडवलाच्या मानाने ही उडी मोठी होती. केळीच्या भुकटीला पुरेसा बाजार नाही हेही उघड होते. पण त्या यंत्रसामग्रीत फेरबदल करून पपईच्या चिकापासून शुद्ध पपेन बनवता येते आणि त्याला परदेशात मागणी आहे, हे हेरण्यात आले. पपई आसपासच्या शेतांत होती, शेतकरी ओळखीचे होते, खतबियाण्यांच्या निमित्ताने त्यांच्याशी रोजचा संबंध होता. म्हणजे कारखाना नवा असला तरी कच्चा माल आणि माणसे परिचयाची होती. १९८० मध्ये पीव्हीसी पाइपचे उत्पादन आले, तेही ज्या वस्तूची विक्री वर्षानुवर्षे केली तिचेच. त्याच दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन आले. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या शेजारी पडत गेले.

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात हा क्रम मोडला. ते दिवस आठवणाऱ्यांना त्या वेळची हवा ठाऊक आहे. उदारीकरण नुकतेच झाले होते, शेअरबाजारात पैसा सहज उभा राहत होता, आणि प्रत्येक उद्योगसमूहाला आपण सर्व काही करू शकतो असे वाटत होते. जैन समूहही वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा क्षेत्रांत उतरला. यांपैकी कशाचाही वाकोदच्या शेताशी किंवा जळगावच्या शेतकऱ्याशी संबंध नव्हता. काही वर्षांतच तोटा साचला, कर्जाचा भार वाढला आणि ज्या शेतीव्यवसायात कंपनी भक्कम होती तोही ओढला जाऊ लागला.

भवरलालजींनी त्या वेळी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, वर्तमानपत्रातून निवेदन देऊन भागधारकांची जाहीर क्षमा मागितली. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणे आपल्याला सवयीचे आहे. ज्यांचे पैसे आपल्या निर्णयामुळे अडकले त्यांच्यासमोर, छापील शब्दांत, तो निर्णय चुकला असे म्हणणे हे अगदी निराळे आहे. आपल्या देशातील उद्योगपतींनी असे केल्याची उदाहरणे फार नाहीत. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. शेतीशी संबंध नसलेले धंदे आवरण्यात आले, धनकोंशी बोलणी झाली आणि २००२ मध्ये ॲक्वा इंटरनॅशनल पार्टनर्स या परदेशी गुंतवणूक संस्थेला मोठा हिस्सा देऊन नवे भांडवल आणले गेले. आपल्या हातांनी उभारलेल्या कंपनीतील मोठा वाटा परक्याला देणे हे कोणत्याही घराण्याला जड जाते. येथे ते दिले गेले, आणि त्यामुळेच पुढची पंधरा वर्षे शक्य झाली.

चुकीची कबुली आणि माघार या दोन्ही गोष्टींना किंमत असते, आणि ती उशीर होईल तसतशी वाढत जाते. व्यापारात ‘थोडे दिवस थांबून पाहू’ या वाक्याने जितके भांडवल खाल्ले तितके आगीने किंवा चोरीने खाल्ले नसेल.

या इतिहासाचा पुढील भाग छोट्या व्यापाऱ्याच्याही रोजच्या अनुभवाशी जुळणारा आहे. २००६ नंतर कंपनी वेगाने वाढली. अमेरिकेतील चॅपिन वॉटरमॅटिक्स, इस्रायलमधील नानदान अशा ठिबकच्या जुन्या, नामांकित कंपन्या तिने घेतल्या. नानदानमधील अर्धा हिस्सा २००७ मध्ये आणि उरलेला २०१२ मध्ये. देशात ठिबक संचाला सरकारी अनुदान होते. अनेक ठिकाणी व्यवहाराची रीत अशी असे की शेतकऱ्याने आपला हिस्सा भरायचा, कंपनीने संच शेतात बसवून द्यायचा आणि अनुदानाची रक्कम तपासणी, मंजुरी, निधीची उपलब्धता या पायऱ्या ओलांडून कंपनीकडे यायची. माल शेतात पोहोचलेला, बिल झालेले, विक्री आणि नफा पुस्तकात नोंदलेला, आणि पैसा मात्र शासनाच्या कुठल्या तरी टेबलावर. सरकार बुडवत नाही, हे खरेच आहे. पण सरकार उशीर करते, आणि बँकेचे व्याज त्या काळात रोज रात्री बारा वाजता चढत असते.

कंपनीच्या व्यवस्थापनाला हा धोका दिसला नव्हता असे मुळीच नाही. २०११-१२ च्या सुमारास तिने अनुदानाच्या येण्यावर अवलंबून राहण्याऐवजी रोखीने विक्री करण्याकडे वळण्याचा निर्णय घेतला, आणि शेतकऱ्याला कर्ज मिळावे म्हणून स्वतंत्र वित्तकंपनीही उभी केली. निर्णय योग्य दिशेचा होता. परंतु उधारीवर वाढलेला बाजार रोखीवर आणताना विक्री काही काळ घटतेच, आणि विक्री घटलेली सोसण्याइतकी सवड कर्जाचा बोजा असलेल्या कंपनीजवळ क्वचितच असते. मोठी सरकारी कामे, त्यांची अडकणारी येणी आणि विस्तारासाठी घेतलेली कर्जे हे सारे एकत्र येत गेले. भवरलालजी २०१६ च्या फेब्रुवारीत निवर्तले. २०१९ मध्ये कर्जफेडीत खंड पडला आणि पतमानांकन घसरले. बँकांशी दीर्घ वाटाघाटी होऊन मार्च २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना अमलात आली. त्यानंतर वर्षभराने कंपनीचा परदेशातील सिंचन व्यवसाय टेमासेकच्या मालकीच्या रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. त्या एकत्रित कंपनीत जैन इरिगेशनकडे २२ टक्के हिस्सा राहिला आणि विदेशी कर्जाचा मोठा भार उतरला. येथेही पुन्हा तोच मार्ग दिसतो: मालकी कमी करून कंपनी टिकवणे. पुढच्या पिढीने १९९० च्या दशकातील धडा गिरवला असे म्हणता येईल. मात्र पहिल्या वेळी धंदा परका होता म्हणून पैसा अडकला. दुसऱ्या वेळी धंदा आपलाच, मालही उत्तम, ग्राहक समाधानी, आणि तरीही पैसा अडकला. हा फरक व्यापाऱ्याने नीट लक्षात घ्यावा असा आहे.

याच कंपनीच्या दुसऱ्या एका उत्पादनाकडे पाहावे. ऊतिसंवर्धित केळीच्या ग्रँड नैन जातीच्या रोपांनी जळगाव जिल्ह्याची केळीशेती बदलून टाकली. या रोपांसाठी शेतकरी आगाऊ नोंदणी करतात. तोच शेतकरी, तेच शेत, विक्रेताही तोच. एका वस्तूसाठी ग्राहक रांगेत उभा राहतो आणि दुसरीच्या पैशासाठी विक्रेता वाट पाहतो. कोणत्या मालाला रोखीची ताकद आहे आणि कोणता माल उधारीच्या टेकूवर उभा आहे, हे आपल्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूपुढे लिहून पाहावे. उत्तर पुष्कळदा अनपेक्षित येते.

आता हजारो कोटींवरून लाखांवर येऊ. समजा, धुळ्यात पाइप, पंप आणि शेतीच्या साहित्याचे एक दुकान आहे. वर्षाची विक्री ३ कोटी ६५ लाख, म्हणजे हिशेबाला सोपी, रोजची एक लाख. सर्व खर्च आणि व्याज वजा जाता ३ टक्के उरतात, म्हणजे १० लाख ९५ हजार. आरंभी ज्या अकरा लाखांचा उल्लेख आला ते हेच समजावेत. ग्राहकांकडून पैसे सरासरी ६० दिवसांनी येतात. याचा अर्थ कोणत्याही दिवशी ६० लाख रुपये बाजारात असतात.

मुलगा उमेदीचा आहे. विक्री २० टक्क्यांनी वाढवायची असे तो ठरवतो आणि शिरपूर, साक्री, दोंडाईचा येथील नव्या दुकानदारांना ९० दिवसांची उधारी देतो. जुने ग्राहकही मग तीच सवलत मागतात, आणि एकदा मागितल्यावर ती नाकारता येत नाही. वर्षअखेर विक्री ४ कोटी ३८ लाख होते. रोजची विक्री १ लाख २० हजार, आणि ९० दिवसांच्या हिशेबाने येणे १ कोटी ८ लाख. म्हणजे येणे ४८ लाखांनी वाढले. हे ४८ लाख कोठून तरी आणावे लागतात. बँकेकडून ११ टक्क्यांनी आणले तर वर्षाचे व्याज ५ लाख २८ हजार. विक्री वाढल्यामुळे ३ टक्क्यांनी नफा १३ लाख १४ हजार व्हायला हवा होता. त्यातून हे जादा व्याज वजा केले की ७ लाख ८६ हजार उरतात. विक्री पाचवा हिस्सा वाढली आणि नफा तीन लाखांहून अधिक कमी झाला. शिवाय नव्या ग्राहकांपैकी एखाद्याने एक लाख बुडवला, तर ३ टक्क्यांच्या नफ्याने तो भरून काढण्यास सुमारे ३३ लाखांची विक्री करावी लागेल, म्हणजे दुकान जवळजवळ महिनाभर त्या एका माणसासाठी उघडायचे.

हे गणित दहावीच्या पातळीचे आहे. तरीही ते मांडले जात नाही, कारण विक्री वाढलेली डोळ्यांना दिसते, अभिनंदन होते, पुरवठादार कंपनी सहलीचे तिकीट देते. येणे वाढलेले दिसत नाही. ते कोणाच्या तरी दुकानात मालाच्या रूपाने फळीवर बसलेले असते.

खानदेशात याला हंगामाचा आणखी एक पदर आहे. जूनमध्ये दिलेल्या खता-बियाण्याचे पैसे कापूस विकला गेला की येतात. ही उधारी जुनीच आहे आणि तिच्याशिवाय येथे धंदा होत नाही. पण कापूस कधी विकायचा हे दुकानदार ठरवत नाही. २०२२ मध्ये कापसाने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला होता. पुढच्या हंगामात त्याच भावाची वाट पाहत अनेक शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव काही परतला नाही. गावातील कृषी केंद्रचालकाचे पैसे त्या कापसाखाली दबले, त्याच्याकडून धुळ्याच्या घाऊक व्यापाऱ्याचे, आणि त्याच्याकडून पुरवठादाराचे. सहा महिन्यांची उधारी देताना ती आठ महिन्यांची झाल्यास आपण कोठे उभे राहू, हा प्रश्न जूनमध्येच विचारायचा असतो. फेब्रुवारीत त्याचे उत्तर देणारे कोणी नसते.

अशा वेळी व्यापाऱ्याला बँकेचा आधार वाटतो. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर आहे, मग काळजी कसली? येथे एक बारकावा आहे, जो पुष्कळ अनुभवी लोकांच्याही ध्यानात अडचण आल्यावरच येतो. मंजूर मर्यादा ही वरची रेघ आहे. प्रत्यक्षात किती उचलता येईल हे दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरणाऱ्या ड्रॉइंग पॉवरवर अवलंबून असते. शिल्लक मालातून न चुकवलेली देणी वजा होतात आणि मग मार्जिन. येण्यांपैकी साधारणतः ९० दिवसांच्या आतली धरली जातात, त्यांनाही मार्जिन लागते. समजा २५ लाखांची येणी ९० दिवसांची रेघ ओलांडून गेली आणि मार्जिन ४० टक्के आहे. त्या महिन्यात १५ लाखांची ड्रॉइंग पॉवर नाहीशी होते. पैसा बाहेर अडकला म्हणून बँकेकडे जावे, तर तो अडकला याच कारणाने बँकेचा हात आखडतो. यात शाखाधिकाऱ्याचा दुष्टपणा नसतो. बँकेचा नियमच या समजुतीवर उभा आहे की तीन महिने न आलेला पैसा आणखी तीन महिने येणार नाही. आणि बहुतेक वेळा नियम बरोबर ठरतो.

काहीजण मग स्टेटमेंटमध्ये जुनी येणी नवी करून दाखवतात. बिल रद्द करून नव्या तारखेने फाडतात. बँकेला हे लगेच कळत नाही, पण पेढीलाही कळेनासे होते, आणि नुकसान तेथे होते. स्वतःच्या वहीत खोटे लिहिणाऱ्याला पुढचा निर्णय कशाच्या आधारे घेणार असे कोणी विचारत नाही. खाते मर्यादेबाहेर राहिले तर बँकेच्या दप्तरी ते ३० दिवसांनंतर विशेष उल्लेखाच्या यादीत जाते, ९० दिवसांनंतर थकीत ठरते, आणि ही नोंद पतमाहिती संस्थांकडे जाऊन पुढची कित्येक वर्षे मागे लागते.

उधारी कोणाला द्यावी हा निर्णय आजही बहुतेक पेढ्यांवर तोंड पाहून होतो. घराणे ओळखीचे आहे, वडील सज्जन होते, लग्नात भेट झाली होती. तोंड पाहून निर्णय घेण्याची ही सवय मोडल्याचे एक सुंदर उदाहरण जळगाव आणि धुळे यांच्या मधोमध, अमळनेरला घडले आहे. तेथे १९४५ साली महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. आजच्या विप्रोचे हे मूळ. ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि स्टॅनफर्डमधील अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून २१ वर्षांचे अझीम प्रेमजी परतले. कंपनीचा सर्वांत मोठा खर्च भुईमुगाच्या शेंगांचा. खरेदीदार शेंगा हातात घेत, चोळत, दाणा तोंडात टाकून चावत आणि भाव सांगत. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब होते ते. तरुण मालकाने त्याऐवजी नमुना घेऊन, मोजून, तेलाचे आणि ओलाव्याचे प्रमाण पाहून भाव ठरवण्याची पद्धत आणली. जुन्या खरेदीदारांना ते रुचले नसणार, हे सांगायला नको. पण चावून सांगितलेला भाव तपासता येत नाही आणि मोजून सांगितलेला तपासता येतो.

उधारीच्या बाबतीत मोजण्यासारखे काय असते? दुकानात टॅली आहे. त्यातून प्रत्येक ग्राहकाच्या येण्याची वयवार यादी क्षणात निघते: ३० दिवसांपर्यंत, ६० पर्यंत, ९० पर्यंत आणि त्यापुढे. ती छापून समोर ठेवली की तोंडे बाजूला पडतात आणि आकडे बोलू लागतात. एक खूण विशेष लक्षात ठेवावी. चांगला ग्राहक बिलावर पैसे देतो; या बिलाचे इतके, त्या बिलाचे तितके. अडचणीत येऊ लागलेला ग्राहक ‘खात्यावर’ पैसे देऊ लागतो. गोल रक्कम, पन्नास हजार, एक लाख, आणि त्याच दिवशी दीड लाखाचा माल उचलतो. पैसे येत आहेत असे वाटते, प्रत्यक्षात येणे वाढत असते आणि जुने बिल तळाशी तसेच राहते.

दुसरी व्यवस्था माणसांची आहे. माल विकणारा आणि उधारी मंजूर करणारा एकच असेल तर मोजमाप निरुपयोगी ठरते, कारण विक्री हीच ज्याची शाबासकी तो उधारी नाकारणार नाही. कंपन्यांत ही दोन खाती वेगळी असतात. पेढीवर माणसे मोजकी, म्हणून हे शक्य नाही असे सांगितले जाते. पण आपल्या घरांत आता येणाऱ्या सुना वाणिज्य पदवीधर, कित्येकदा सनदी लेखापाल असतात, आणि त्यांच्या शिक्षणाचा उपयोग जीएसटीची विवरणपत्रे भरण्यापुरता होतो. ठरलेल्या मर्यादेवरील उधारीला तिची सही हवी, असा नियम ज्या घरांनी केला तेथे पहिले सहा महिने कुरबुर होते. नंतर ग्राहकाला नाही म्हणण्यासाठी सासऱ्यांनाच ती सोय वाटू लागते.

प्रेमजींच्या बाबतीत आणखी एक प्रसंग त्यांनी स्वतः पुढे सांगितलेला आहे. त्यांच्या पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून, तुम्हाला हे जमणार नाही, आपला हिस्सा अनुभवी माणसाला विकून टाका, असे तोंडावर सुनावले होते. आपल्या पेढ्यांत असा भागधारक नसतो. भागीदार म्हणजे भाऊ, पुतणे, पत्नी. सारेच एका ताटातले. वर्षातून एकदा तरी घराबाहेरच्या जाणत्या माणसाला, निवृत्त व्यापारी असो वा लेखापाल, वयवार यादी आणि ताळेबंद दाखवून काय वाटेल ते विचारण्याची मुभा द्यावी. कठोर प्रश्न नातेवाईक विचारत नाहीत, आणि धनको विचारू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

कायद्याची बाजूही येथे थोडक्यात सांगावी लागेल, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून असे न दिलेले पैसे त्या वर्षी खर्च म्हणून वजाही मिळत नाहीत. जळगावचा डाळमिलवाला किंवा चटई-पाइपचा कारखानदार उत्पादक म्हणून हे संरक्षण मागू शकतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. उशिराच्या वसुलीचे संरक्षण तिच्यात नाही. म्हणजे घाऊक व्यापारी मधोमध सापडतो. त्याला कारखानदाराचे ४५ दिवसांत द्यायचे आणि खालच्याकडून मिळेल तेव्हा घ्यायचे. ९० दिवसांची उधारी वाटणाऱ्या मुलाने हा हिशेब आधी करावा.

राहिला उचलीचा विषय. तो नाजूक आहे, तरी टाळता येत नाही. धंद्यातला पैसा फक्त ग्राहकांकडेच अडकतो असे नाही. कॅश क्रेडिट खात्यातून महामार्गालगत घेतलेला प्लॉट, बंगल्याचा वरचा मजला, मुलीच्या लग्नातील चार दिवसांचा थाट, हे सारे मालासाठी दिलेल्या पैशातूनच होते. प्लॉटची किंमत वाढते हे खरे. पण कंपनीचे देणे पंधरा तारखेला आले की प्लॉटचा कोपरा कापून देता येत नाही. कर्ज तीन महिन्यांत फिरण्यासाठी घेतलेले आणि ते दहा वर्षांसाठी जमिनीत पुरलेले. परिग्रहाला परिमाण घालण्याचे व्रत आपल्या घरांत वडीलधारे घेत आले आहेत; पेढीतून घरी किती यावे याचा आकडा वर्षारंभी लिहून ठेवणे हे त्याच व्रताचे व्यापारी रूप म्हणायला हरकत नाही. भागीदारांतील बहुतेक वितुष्टे नफ्याच्या वाटणीवरून होत नाहीत. कोणी न विचारता किती उचलले यावरून होतात.

धुळ्याच्या त्या दुकानात आता दर शनिवारी संध्याकाळी एक कागद तयार व्हावा, अशी कल्पना करू. वर बँकेतील शिल्लक आणि ड्रॉइंग पॉवर. खाली पुढील चार आठवड्यांत कोणाकडून किती येणार आणि कोणाला किती द्यायचे. शेवटच्या ओळीत वजाबाकी. एखाद्या आठवड्यात उत्तर उणे येते असे दिसले, तर अजून तीन आठवडे हाती असतात. माल कमी मागवता येतो, साक्रीच्या दुकानदाराला फोन करता येतो, पुरवठादाराला आधीच सांगता येते. वडिलांना हा कागद ओळखीचा वाटेल. रोजमेळच आहे तो, फक्त मागच्या ऐवजी पुढच्या दिवसांचा.

दिवाळीला नवी वही आली तरी गेल्या वर्षीची येणी पहिल्याच दिवशी तिच्यात ओढून आणावी लागतात. छापील वह्यांत नावापुढे रकमेचा रकाना असतो. पैसे कोणत्या तारखेला येणार हे लिहिण्यास जागा नसते. शुभ-लाभ लिहून झाल्यावर, कुंकू वाळेपर्यंत, पट्टी घेऊन तो एक रकाना हाताने आखून घ्यावा लागेल.